बंद लिफाफ्यातली द्राक्षं

आमच्या लॅबचे मालक असलेले सर फोनवर ‘नापास’ हा शब्द उच्चारत नसत. द्राक्षांच्या नमुन्यात फवारलेल्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, की ते बागायतदाराला फोन करायचे आणि एवढंच म्हणायचे, “एकदा येऊन जा. चहा घेऊ.” नमुना पास असेल तर फोन नाही, लिफाफा तयार असल्याचा मेसेज जायचा. एक-दोन हंगामांत ही गोष्ट दिंडोरीपासून चांदवडपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली. लॅबच्या गेटसमोर चहाची टपरी होती. व्यापाऱ्यांची माणसं तिथे बसून असायची. एखादा बागायतदार आत जाऊन कपबशी हातात घेऊन बसलेला काचेतून दिसला, की तो गावी पोहोचायच्या आत त्याच्या मालाचा भाव उतरलेला असायचा.

हे लक्षात आल्यावर सरांनी चहा बंद केला नाही. त्यांनी सगळ्यांनाच चहाला बोलवायला सुरुवात केली. पास झालेले, नापास झालेले, ज्यांचा नमुना अजून यंत्राला लागलेलाही नाही असे. एकदा पार्सल द्यायला आलेल्या कुरिअरवाल्यालाही त्यांनी काचेजवळच्या खुर्चीत बसवून चहा पाजला आणि त्याच्याशी गंभीर चेहऱ्याने बोलत राहिले. तो बिचारा गोंधळून निघून गेल्यावर सर खिडकीपाशी आले आणि टपरीकडे बघत म्हणाले, “आता ओळखा म्हणावं.”

लॅब नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत होती. द्राक्षं परदेशी जाण्याआधी त्यांची सरकारी तपासणी होतेच. पण तिच्या आधी बागायतदार स्वतःच्या समाधानासाठी खासगी लॅबकडे नमुना देतात. औषधाचा अंश जास्त निघाला तर थांबायचं, काही दिवसांत तो उतरतो, मग पुन्हा तपासायचं. माल खराब नसतो, वेळ चुकलेली असते. पण मधल्या दिवसांत ही गोष्ट खरेदीदाराला कळली, तर तो बाग सोडून देतो किंवा भाव पाडून मागतो. त्यामुळे आमच्याकडे जे विकलं जात होतं ते तपासणीइतकंच मौन होतं. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. रसायनशास्त्र इतरांनाही येतं, असं ते म्हणायचे.

मी त्याआधी नाशिकमधल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. लॅबमध्ये मला घेतलं ते भाषेसाठी. रसायनांच्या नावांनी भरलेला अहवाल बागायतदाराला कळेल अशा मराठीत आणायचा, हे काम. मुलाखतीत सरांनी माझी प्रमाणपत्रं बघितली नाहीत.

“बातमी दाबलीत कधी?” त्यांनी विचारलं.

“एकदा.”

“का?”

“खात्री नव्हती.”

“कुणाची बातमी होती?”

“ते सांगता येणार नाही.”

“मलासुद्धा?”

“तुम्हाला कशाला सांगू? तुम्हाला मी ओळखत नाही.”

“सोमवारपासून या,” ते म्हणाले. मग मी उठल्यावर म्हणाले, “दाबली होती हेही सांगायची गरज नव्हती.”

सर देवळाली कॅम्पचे. वडील तोफखान्याच्या आस्थापनेत नागरी कारकून होते आणि लहानपणी सर त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत जायचे. गेटवरचा जवान त्यांना नावाने ओळखायचा. कधी लिमलेटची गोळी द्यायचा, कधी टपली मारायचा, पण पास बघितल्याशिवाय आत सोडायचा नाही. एकदा पास घरी राहिला तर वडील भिंतीपलीकडे दिसत असूनही डबा परत न्यावा लागला. ही आठवण सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. “ओळख वेगळी आणि परवानगी वेगळी,” ते म्हणायचे. त्यांच्या पुतणीलाही, जी पुढे लॅब चालवू लागली, नमुन्यांच्या खोलीत शिरताना सही करावी लागे.

नमुन्याची पिशवी खिडकीत आली, की सर स्वतः तिच्यावरचं नाव-गाव काढून घेत आणि सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी लावत. पुढे केमिस्टला फक्त क्रमांक कळे. तरी त्यांना चैन नव्हतं. पुनर्तपासणीसाठी एकच गाडी दोनदा दिसली तर टपरीवरचे लोक अर्थ काढतील, म्हणून ते काही पास झालेल्या बागायतदारांनाही विनाकारण पुन्हा बोलावून घेत. त्यातला एक जण वैतागून म्हणाला, “सर, डिझेल तुम्ही टाकता का?” सरांनी ते पुढच्या वेळी खरोखर त्याच्या गाडीत भरून दिलं.

खोलीत तिसरा माणूस असला तर ते तोंडावर हात धरून बोलत. संगणकाच्या पडद्यावर रुमाल टाकत. मला ते दोन वर्षं ‘अहो’ म्हणत होते. नाव मोठ्याने घेतलं तर बाहेरच्यांना कळेल की अहवाल कोण लिहितं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या गोष्टींना आम्ही हसायचो. ते हसणं त्यांना चालायचं. कोण किती हसतं याकडेही त्यांचं लक्ष असावं, असं मला नेहमी वाटे.

पुतणीचं नाव मुक्ता. रसायनशास्त्रातली चांगली पदवी, पुण्यात नोकरी, मग काकांच्या लॅबमध्ये. हंगामात अहवालांचा ढीग साचे. यंत्र आकडे भराभर देई, पण ते नीट मांडून, इंग्रजीत निर्यातदारासाठी आणि मराठीत बागायतदारासाठी लिहून काढायला वेळ लागे. द्राक्षं थांबत नाहीत. तिने एआयचं एक साधन शोधून काढलं, जे आकडे वाचून दोन्ही भाषांतला मसुदा तयार करी. मी फक्त तपासायचा.

“आणि हे आकडे कुठे जाणार?” सरांनी विचारलं.

“क्लाउडवर, काका.”

“म्हणजे दुसऱ्याच्या घरी.”

त्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी पुण्याहून आला. तरुण, नम्र, टाय लावलेला. सरांनी त्याला काचेपासून दूर बसवलं. त्याने सांगितलं की सगळी माहिती कुलूपबंद असते, म्हणजे एन्क्रिप्टेड. चोरली तरी वाचता येणार नाही.

“किल्ली कोणाकडे?”

“सर, आमच्याकडे. अत्यंत सुरक्षित.”

“म्हणजे तुम्ही उघडू शकता.”

“आम्ही उघडत नाही, सर. तसं धोरणच आहे.”

“मी उघडता का असं विचारलं नाही. उघडू शकता का, असं विचारलं.”

“तांत्रिकदृष्ट्या... हो.”

“धन्यवाद. खरं बोललात. या आता.”

मुक्ता दोन दिवस काकांशी बोलली नाही. प्रतिनिधी मात्र चिवट निघाला. तो पुन्हा आला आणि दुसरी पद्धत घेऊन आला. हिच्यात किल्ली ग्राहकाच्याच ताब्यात राहते. अहवाल कंपनीच्या संगणकांवर असतात, पण कुलूपबंद. साधनाला एखादा अहवाल वाचायचा झाला, की दर वेळी ते ग्राहकाकडे किल्ली मागतं. ग्राहकाने किल्ली काढून घेतली, तर कंपनीकडे उरतो तो अर्थहीन अक्षरांचा ढिगारा. कोणी, कधी, कशासाठी किल्ली वापरली, याची नोंद राहते आणि ती ग्राहकाला दिसते.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “मसुदा लिहायचा तर तेवढ्या वेळापुरता तरी अहवाल उघडणार ना?”

“हो सर. काही क्षण. काम झालं की पुसला जातो.”

“पुसला गेला हे मला कसं कळणार?”

“करारात आहे, सर. आणि तुमच्या माहितीवर आमचं साधन शिकणार नाही, हेही आहे.”

“कागदावर तर सगळेच चांगले असतात,” सर म्हणाले. पण त्यांनी प्रतिनिधीला चहा विचारला. आमच्याकडे चहाला काही अर्थ उरला नव्हता, तरी मुक्ताच्या चेहऱ्यावर हसू आलं.

किल्ली म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक छोटी वस्तू होती. सकाळी ती लॅबच्या संगणकाला लावली, की दिवसभराचं काम सुरू होई. काढली, की सगळं बंद. सरांनी ती दोरीत ओवली आणि काम संपलं की गळ्यात घालू लागले, शर्टाच्या आत. दुसरी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि कोणत्या बँकेच्या, हे मुक्ताला सांगायला पुष्कळ दिवस घेतले.

“काका, उद्या तुम्हाला काही झालं तर?”

“मला काही झालं तर लोक आधी लॉकरच शोधतील. म्हणून सांगत नाही.”

“लोक नाही. मी शोधीन.”

“तेच म्हणतोय.”

साधन मात्र चांगलं चाललं. अहवाल त्याच दिवशी जाऊ लागले. सर रोज सकाळी किल्लीच्या वापराच्या नोंदी वाचत, आपण वर्तमानपत्र वाचतो तसे, चष्मा वर सरकवून. एखादी नोंद अनोळखी वाटली की मुक्ताला हाक मारत. बहुतेक वेळा ती त्यांचीच असे.

याच सुमाराला एका निर्यातदार कंपनीने बागायतदारांसाठी मोबाइलवर फुकट सल्लागार सुरू केला. तोही एआयचाच. फवारणी, हवामान, बाजारभाव, काहीही विचारा, मराठीत उत्तर मिळायचं, आणि उत्तरं वाईट नसत. बागायतदार त्याला मनातलं सगळं विचारू लागले. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत, “त्याला काही विचारू नका. त्याची किल्ली त्यांच्या खिशात आहे. तुम्ही प्रश्न विचारता म्हणजे त्यांना बातमी देता.” लोक मान डोलवत आणि गेटबाहेर पडताच मोबाइल काढत.

शैलाताई चांदवडकडच्या. हे त्यांचं खरं नाव नव्हे. हा मजकूर लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारायला गेलो होतो. त्यांनी आधी सगळं वाचून दाखवायला लावलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि शैला हे नाव स्वतःच सुचवलं. नवरा गेल्यावर बाग त्यांनी आणि धाकट्या दिराने उभी केली होती. गावातल्या बागायतदारांचा एक गट मिळून त्याच निर्यातदार कंपनीला माल द्यायचा आणि गटात बाई एकट्या याच. त्यांच्या बागेतल्या नमुन्यात एका कीटकनाशकाचा अंश जास्त निघाला. त्यांनी ते औषध मारलंच नव्हतं. बहुधा शेजारच्या कांद्यावरची फवारणी वाऱ्याने आली होती. सरांनी त्यांना नेहमीप्रमाणे बोलावून लिफाफा दिला, थांबायला सांगितलं, पुन्हा नमुना कधी आणायचा ते सांगितलं. सगळं रीतसर झालं.

चार-पाच दिवसांनी त्या आल्या त्या थेट खिडकीशी. रांगेतल्या लोकांना ओलांडून.

“या, ताई. बसा. चहा—”

“चहा ठेवा तुमचा. मला एक सांगा सर, माझा रिपोर्ट त्या कंपनीच्या पोराला कसा काय कळला?”

सरांचा हात आपोआप तोंडावर गेला. “आत या.”

“आत नाय नि बाहेर नाय. बागेत आला तो, गाडीतून खाली सुदिक उतरला नाय. म्हणे, ताई, तुमच्या मालात औषध निघालंय, माल लोकल बाजारात देऊन टाका, आम्ही तुमची बाग यादीतून काढली. औषधाचं नाव सांगितलं त्यानं. मला ते नाव धड घेता येत नाय, त्याला तोंडपाठ! गटातले लोक म्हणतात, तुझ्या एकटीपायी आमचं नाव जाईल, तू बाहेर पड. माझं वर्ष गेलं, सर. तुमच्या लिफाफ्यातून गेलं.”

रांगेतला एक जण हळूच आपली नमुन्याची पिशवी उचलून निघून गेला. मी ते बघितलं. सरांनीही बघितलं.

त्यांनी संगणकाला लावलेली किल्ली दोरीसकट काढली आणि मुठीत धरली. पडद्यावरचे अहवाल एकेक करून नाहीसे झाले. मुक्ता धावत आली.

“काका, हंगाम आहे! बाहेर रांग बघा. आता हाताने लिहायचे का सगळे?”

“लिहू.”

“तुम्हाला वाटतंय ते साधनातून गेलं?”

“साधनातून, तुझ्याकडून, याच्याकडून.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “माझा सगळ्यांवर संशय आहे. असायलाच हवा.”

पुढचे दिवस लॅबमध्ये कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. पुण्याचा प्रतिनिधी आला, नोंदी काढून बसला. शैलाताईंचा अहवाल फक्त मुक्ताने, मी आणि सरांनी उघडला होता, प्रत्येकाने आपापल्या कामासाठी. चौथी नोंद नव्हती. कंपनीला किल्लीशिवाय तो उघडणं शक्य नव्हतं.

“नोंदी स्वच्छ आहेत, सर.”

“तेच तर खटकतंय.”

मला त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, “तुमचे जुने सहकारी भेटतात का अजून?” मी म्हणालो, भेटतात. “द्राक्षांवर बोलता?” मी म्हणालो, क्रिकेटवर. त्यांनी ते लिहून घेतलं.

यंत्रावर काम करणारी एक केमिस्ट होती, वैशाली, पेठकडची. तिला नाव-गाव कधीच कळत नसे, फक्त क्रमांक. पण तिचा भाऊ त्याच निर्यातदार कंपनीचा टेम्पो चालवतो, हे सरांना कुठूनतरी समजलं. त्यांनी तिला काही विचारलं नाही. यंत्रावरून काढून काचेची भांडी धुवायला लावलं. तिनेही काही विचारलं नाही. आठवड्याच्या शेवटी राजीनामा टेबलावर ठेवला. मुक्ता तिला सोडायला गेटपर्यंत गेली आणि परत आल्यावर काकांना म्हणाली, “क्रमांकावरून तिने काय ओळखलं असेल, एवढं तरी सांगा.” सर म्हणाले, “ते मला कळलं असतं तर मी तिला भांडी धुवायला लावलं असतं का?”

त्या दिवसांत नमुने कमी झाले. टपरीवर आता व्यापाऱ्यांची माणसं बसत नव्हती. बसायची गरज उरली नव्हती.

शैलाताई पुन्हा आल्या त्या या वेळी शांत होत्या. सर, मुक्ता आणि मी खिडकीशीच होतो. बाहेर दोन-तीन बागायतदार होते.

“सापडलं मला,” त्या म्हणाल्या. “त्या पोराला परवा घरी जेवायला बसवला. दुपारची वेळ, पोरगं उपाशी फिरत होतं. पिठलं-भाकर वाढली, वर ठेचा. म्हटलं, खा बाबा, तुझा काय दोष, तू नोकर माणूस. पण मला एवढं सांग, तुला कळलं कसं? तर म्हणे, आमचा तो मोबाइलवरचा सल्लागार हाय ना, त्याला कोणीतरी विचारलं. माझं नाव घालून, गावाचं नाव घालून, औषधाचं नाव घालून. हे औषध या बाईच्या बागेत सापडलंय का, असं. त्याला उत्तर आलं, मला माहिती नाय. पण कंपनीत सगळे प्रश्न वाचतात म्हणे. साहेबानं वाचलं आणि म्हणाला, उगाच कोण कशाला विचारील? जा, बाग काढून टाक.”

“नंबर कोणाचा होता?” मुक्ताने विचारलं.

“अनोळखी. त्यांनी लावून बघितला, कोणी उचलत नाय.”

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे. सरांच्या टेबलाच्या खणात एक जुना फोन असे, वेगळ्या सिमचा. कोणावर पाळत ठेवायची असेल तेव्हा तो बाहेर निघे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

ते गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं. नंबर कोणाच्या नावावर लागला नसता, दोष पुण्याच्या कंपनीवर गेला असता आणि वैशालीवर तो गेलेलाच होता. सरांनी हात तोंडाकडे नेला आणि मग खाली घेतला.

“मी विचारलं,” ते म्हणाले. खिडकीबाहेरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“काका?”

“आपली माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते का ते बघायचं होतं. जो अहवाल फुटला तर सगळ्यात जास्त नुकसान होईल, तोच घेऊन तपासलं. तो म्हणाला, माहिती नाही. मला बरं वाटलं. त्या रात्री झोप लागली.”

शैलाताई खिडकीच्या आणखी जवळ आल्या. “म्हणजे माझ्या घरात चोर शिरलाय का, ते तुम्ही चोराकडेच जाऊन विचारलं.”

“हो.”

“नाव-गावासकट.”

“हो.”

“आणि आम्हाला सांगत होता, त्याला काही विचारू नका.”

बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

त्याच दुपारी ते शैलाताईंबरोबर त्या कंपनीच्या कार्यालयात गेले. मुक्ता गाडी चालवत होती, तिच्याकडून पुढचं कळलं. सरांनी व्यवस्थापकाला सांगितलं की प्रश्न माझा होता, चूक माझी आहे, या बाईंची बाग यादीत परत घ्या, पुन्हा नमुना तपासू. व्यवस्थापक म्हणाला, कोणता प्रश्न? आम्ही आमच्या सल्लागाराचे प्रश्न कधीच वाचत नाही. यादी मात्र बंद झाली आहे. सरांनी त्याला विचारलं, “वाचत नाही, की वाचू शकत नाही?” व्यवस्थापकाने घड्याळाकडे बघितलं.

नंतर सर बसने पेठला गेले, एकटे. वैशाली भेटली, पाणी दिलं. तिला दुसरीकडे काम मिळालं होतं. ती परत आली नाही. तिथे काय बोलणं झालं ते सरांनी कधी सांगितलं नाही. पण आल्यावर खणातला फोन काढून त्यांनी सिम कात्रीने कापलं.

मग त्यांनी मुक्ताला आणि प्रतिनिधीला समोर बसवलं. त्यांना हवं होतं ते असं. प्रत्येक बागायतदाराच्या अहवालाला वेगळी किल्ली आणि ती त्याच्याच मोबाइलवर. अहवाल एकदा त्याच्या हाती गेला, की लॅबमध्ये कोणालाही तो पुन्हा उघडायचा असेल, तर बागायतदाराकडे विनंती जाईल. तो हो म्हणाला तर उघडेल. आधीचे अहवालही याच पद्धतीत आणायचे.

“जमेल, सर,” प्रतिनिधी म्हणाला. “पण मालक म्हणून तुमच्यासाठी एक राखीव किल्ली ठेवू ना? अडीअडचणीला?”

“मालक कोण?”

“तुम्ही.”

“कशाचा?”

प्रतिनिधीने मुक्ताकडे बघितलं. मुक्ता वहीवर रेघोट्या मारत होती. राखीव किल्ली ठेवली गेली नाही. बागायतदाराचा मोबाइल हरवला तर त्याचा अहवाल कायमचा गेला, पुन्हा तपासणी करावी लागेल, हे सरांनी खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. लोकांनी तक्रारी केल्या. काही जण दुसऱ्या लॅबकडे गेले. काही, जे गेले होते ते, परत आले.

शैलाताईंच्या बागेला दुसरा एक निर्यातदार तयार झाला होता, पण नवा अहवाल स्वच्छ हवा आणि लगेच हवा, नाहीतर घड जास्त पिकून माल लोकललाच जाणार. गटाने त्यांना बाहेर काढलं होतं. नमुना यंत्राला लागला. शैलाताई बाहेरच्या बाकावर बसून होत्या, मांडीवर पिशवी, हातात मोबाइल. आकडे आले तेव्हा आत सर, मुक्ता आणि मी होतो, पडदा मात्र सरांच्याच पुढे होता. जुन्या अहवालाशी ताडून बघायचं होतं. सरांनी विनंती पाठवली.

बाकावरचा मोबाइल वाजला. शैलाताईंनी तो वाचला आणि हो दाबायच्या ऐवजी उठून खिडकीशी आल्या.

“कशाला उघडायचाय?”

“मागच्या वेळी अंश किती होता, ते या वेळच्याशी ताडायला,” सर म्हणाले.

“कोण कोण बघणार?”

“मी आणि मुक्ता.”

“आणि हे?” त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली.

“हे भाषा बघतात. ते नंतर.”

“मग नंतरचं नंतर विचारा.”

त्यांनी हो दाबलं. सरांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अहो,” ते म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा.”

मी बाहेर जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत होतो. एक कंटेनर वळण घेत होता, त्याच्यामागे गाड्या खोळंबल्या होत्या. मला आत कोणी बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने शैलाताईंचा मोबाइल पुन्हा वाजला. त्यांनी तो माझ्यापासून जरा वळवून धरला, सावकाश वाचला, वरून खाली आणि पुन्हा वरून. मग दिराला फोन लावला.

“भाऊजी, तोडणीची माणसं सांगून ठेवा,” त्या म्हणाल्या. “परवा सकाळी. ऊन चढायच्या आत.”

अहवालात काय आलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.